स्थलांतराने भाषा कशी बदलते? ठाणे-नवी मुंबईवरून समजून घेऊ

ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत दोन अनोळखी माणसं उभी आहेत. दोघंही मराठी. एकाला विचारायचं आहे की ही रांग लोकमान्यनगरची की वसंतविहारची. तो विचारतो, "ये लाइन किधर की है?" दुसरा हिंदीतच उत्तर देतो. मग पहिल्याचा फोन वाजतो, तो "हां आई, पोचलो" म्हणतो आणि दोघंही जरा ओशाळतात. या भागात हे इतकं रोजचं आहे की कुणी त्याची दखलही घेत नाही.

स्थलांतर आणि भाषा हा विषय निघाला की चर्चा लगेच "बाहेरून किती आले" या आकड्यावर जाते. वरच्या प्रसंगात बाहेरचं कुणी नव्हतंच. भाषा टिकते किंवा सुटते ती कोण कुणाशी, कुठे आणि कशासाठी बोलतं यावर. स्थलांतर नेमकं हेच बदलतं: शेजारी बदलतो, दुकानदार बदलतो, साहेब बदलतो, मुलाचे मित्र बदलतात. आकडा त्यातला एक भाग, आणि बहुतेक वेळा सर्वांत निर्णायक भाग नव्हे.

थरांवर थर

ठाण्याला माणसांची ये-जा नवी नाही. 1737 साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, त्याआधी सुमारे दोनशे वर्षं इथे पोर्तुगीज होते. पाव, बटाटा, पगार, चावी, इस्त्री, घमेलं हे शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले आणि इतके मुरले की आता ते परके म्हटले तर लोक वाद घालतील. इथला ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज घरात मराठीचीच एक बोली बोलत आला. बेने इस्रायली या इथल्या ज्यू समाजाची आडनावं पेणकर, दिवेकर अशी कोकणातल्या गावांवरून पडलेली आहेत. त्यांचं ठाण्यातलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, 1879 सालचं. त्यांच्यातले पुष्कळजण पुढे इस्रायलला गेले आणि तिकडेही मराठी नियतकालिक चालवत राहिले. म्हणजे इथून मराठी बाहेरही गेली.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. फाळणीनंतर कोपरीत सिंधी कुटुंबं वसली. 1960च्या दशकात वागळे इस्टेट उभी राहिली आणि कोकण-घाटावरून कामगार आले. ठाण्याचं असं हळूहळू झालं.

नवी मुंबईचं तसं नाही. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना 17 मार्च 1970 ची. ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या 95 गावांची जमीन या शहरासाठी ठरवली गेली आणि भातशेती, मिठागरं, खाडीच्या काठावर वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली असे नोड, म्हणजे शहराचे विभाग, आखले गेले. मुंबईतले घाऊक बाजार 1980 आणि 1990च्या दशकांत वाशी-तुर्भ्याला हलले, त्यांच्यामागोमाग माथाडी कामगार आले. माथाडी मुख्यतः सातारा-सांगलीकडचे. अण्णासाहेब पाटलांनी बांधलेल्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा झाला होता, त्यामुळे हा कामगार संघटित होता आणि कोपरखैरणे-घणसोलीकडे त्याच्या वसाहतीही झाल्या. शिवाय बँकांतले, सरकारी नोकरीतले, केरळ-तमिळनाडूचे, गुजरातचे, उत्तर प्रदेश-बिहारचे. 2011 च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या सुमारे 11 लाख 20 हजार होती, ठाणे शहराची सुमारे 18 लाख 40 हजार. चाळीस वर्षांत खाडीकाठी एक आख्खं शहर उभं राहिलं, आणि त्यात आगरी-कोळी गावं सोडली तर प्रत्येकजण कुठून तरी आलेला.

भाषेच्या जागा

भाषाशास्त्रज्ञ जोशुआ फिशमन यांनी हा विषय समजून घ्यायला एक सोपी पद्धत रूढ केली. भाषेकडे एकसंध वस्तू म्हणून न बघता तिच्या वापराच्या जागा मोजायच्या: घर, शेजार, बाजार, काम, शाळा, देऊळ, सरकारी कचेरी. आता तर मोबाइल. स्थलांतरित कुटुंबात भाषा एकदम सुटत नाही, एकेक जागा सोडत मागे सरकते.

पूर्वांचलातून आलेलं भोजपुरी कुटुंब घ्या. पहिली पिढी घरात भोजपुरी, कामावर हिंदी बोलते, मराठी समजते पण जेमतेम बोलते. दुसरी पिढी आजीशी भोजपुरी, भावंडांशी हिंदी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी. तिसऱ्या पिढीला भोजपुरी गाण्यातून आणि छठपूजेच्या वेळी भेटते. बारकाईने पाहिलं तर इथे भोजपुरीची जागा मराठीने घेतलेली नाही, ती हिंदीने घेतली. महाराष्ट्रातल्या शहरांत येणारा माणूस स्वतःची भाषा सोडतो तेव्हा पहिला फायदा हिंदीला होतो, नंतर इंग्रजीला. मराठी दोघींच्या मागे उभी असते.

अमेरिकेत गेलेल्या युरोपियनांच्या बाबतीत तीन पिढ्यांत भाषा जाते असा ठोकताळा आहे. भारतात तो तसाच्या तसा लागू पडत नाही. तंजावरला 1670च्या दशकात व्यंकोजीराजांबरोबर गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात, तमिळ वळणाची का होईना. साडेतीनशे वर्षं. कारण लग्नं आपापसांत झाली, घरातले विधी त्याच भाषेत राहिले. बाहेर तमिळ, आत मराठी अशी वाटणी पक्की होती. उलट सिंधी बघा. फाळणीनंतर आलेल्या समाजाला स्वतःचं राज्य नाही, अरबी वळणाची लिपी की देवनागरी हा घोळ मिटला नाही, व्यापारात हिंदी सोयीची. 1967 मध्ये सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, स्थान मिळालं, तरी नातवंडं हिंदीवर गेली. सरकारी मान्यता आणि घरातली सवय यांत कुठलं जास्त जोरकस असतं ते यावरून कळावं.

आपल्याकडचं सर्वांत मोठं स्थलांतर मात्र लग्नाचं आहे, त्याची कुणी चर्चा करत नाही. जनगणनेत बायकांच्या स्थलांतराचं पहिलं कारण दरवेळी लग्न हेच असतं. जळगावची मुलगी घणसोलीला सून म्हणून येते तेव्हा अहिराणी तिच्याबरोबर येते, आणि पहिल्या महिनाभरात सासरी कुणीतरी तिच्या "मना"वर हसतं. अहिराणीत "मना" म्हणजे माझा. गंमत अशी की शेजारच्या आगरी घरात "मना" म्हणजे मला.

पहिलं वाक्य

रिक्षाच्या रांगेकडे परत येऊ. अनोळखी माणसाशी बोलताना आपण त्याला सोयीची असेल अशी भाषा निवडतो. हा माणसाचा साधा सौजन्याचा भाग आहे, मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड जाइल्स यांनी 1970च्या दशकात त्यावर सिद्धांतच मांडला. पण मिश्र वस्तीत समोरच्याची भाषा माहीत नसते, तेव्हा आपण अंदाज करतो, आणि अंदाज हिंदीवर जाऊन बसतो. मग मराठी भाजीवाला मराठी गिऱ्हाइकाशी हिंदी बोलतो. बाहेरून आलेल्या माणसाच्या कानावर मराठी पडतच नाही. दहा वर्षं इथे राहूनही मराठी येत नाही अशी ज्यांच्याबद्दल तक्रार असते त्यांच्यातल्या पुष्कळांशी दहा वर्षांत कुणी मराठीत बोललेलंच नसतं.

यात नेमकं बिघडतं कुठे? नवा माणूस धीर करून "भाऊ, हा बस कुठे जाते" असं मोडकंतोडकं बोलतो. आपण तत्परतेने हिंदीत उत्तर देतो. आपल्या मते मदत झाली, त्याच्या मते आपली मराठी नापास झाली. पुढच्या वेळी तो हिंदीतच सुरू करतो. त्याहून वाईट म्हणजे हसणं. त्याच्याही पलीकडचं म्हणजे दरडावणं. भीतीने शिकलेली वाक्यं भीतीपुरतीच टिकतात.

करायचं ते सोपं आहे. सुरुवात मराठीत करायची, वाक्य आखूड ठेवायचं. समोरचा गोंधळला तर तेच वाक्य सावकाश पुन्हा. तरीही नाही कळलं तर हिंदी, आणि शेवटी तेच मराठीत. मोडकं बोलणाऱ्याला मराठीतच उत्तर द्यायचं आणि त्याची चूक थेट न काढता आपल्या उत्तरात बरोबर रूप वापरायचं: "ही बस ऐरोलीला जाते." रिक्षावाला, वॉचमन, डिलिव्हरीवाला यांच्या कामाला शे-दीडशे वाक्यं पुरतात, आणि ती रोज कानावर पडली तर काही महिन्यांत बसतात.

नव्या शहराची नवी मराठी

इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स नावाचं शहर 1967 साली आखलं गेलं, म्हणजे नवी मुंबईच्या जरासं आधी. तिथेही सगळे बाहेरून आलेले. पॉल कर्सविल आणि ॲन विल्यम्स या अभ्यासकांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या 4, 8 आणि 12 वर्षांच्या मुलांची बोली त्यांच्या आयांच्या बोलीशी ताडून पाहिली. चार वर्षांची मुलं आईसारखी बोलत होती. बारा वर्षांची मुलं एकमेकांसारखी बोलत होती. नव्या शहराची बोली मोठी माणसं घडवत नाहीत. ती शाळेच्या मैदानावर, आठ ते बाराच्या वयात घडते.

हाच नियम कोपरखैरण्याला लावून बघा. एका इमारतीत साताऱ्याचं, मालवणचं, धुळ्याचं, सोलापूरचं कुटुंब. खाली खेळणाऱ्या मुलांत काय टिकेल? जे बहुतेकांच्या बोलीत आहे ते टिकतं. जे एकाच घरात आहे आणि ज्यावर बाकीचे हसतात ते आधी गळतं. मालवणी "खय" (कुठे), अहिराणी क्रियापदं, कोल्हापूरकडच्या बायकांचं "मी आलो" ही रूपं दुसऱ्या पिढीत घराच्या उंबऱ्याच्या आत राहतात. उलट "म्हणाला" ऐवजी "बोलला" आणि "मिळालं" ऐवजी "भेटलं" ही रूपं जिंकतात. पुस्तकी मराठीवाल्यांचं डोकं "मला पेन भेटलं" ऐकून उठतं आणि ते हिंदीला दोष देतात. ते चूक आहे. "भेटलं" गावाकडच्या अनेक बोलींत आधीपासून आहे. शहरात ते सगळ्यांना सामाईक पडलं म्हणून वर आलं. हिंदीच्या दारात टाकायचंच असेल तर "माझी मदत कर" टाका, "खूप सारे लोक" टाका.

व्याकरणही सरमिसळतं

शब्द उसने घेणं ही वरवरची गोष्ट. खोल बदल वाक्याच्या सांगाड्यात होतो आणि त्याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण महाराष्ट्रातलं आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी 1971 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडबद्दल लिहिलं. तिथे जैन शेतकरी घरात कन्नड, मुसलमान उर्दू, दोर वळणारे तेलुगू आणि बाकीचे मराठी बोलत होते. शतकानुशतकं पुरुष दोन-तीन भाषा रोज वापरत असल्याने शब्द वेगळे राहिले, पण वाक्यरचना एकच झाली. "पाला जरा कापून घेऊन आलो" हे मराठी वाक्य आणि "पाला जरा काट के ले के आया" हे तिथलं उर्दू वाक्य शब्दाला शब्द ठेवून जुळतं. कन्नडही त्याच चालीने चालते. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी: चावडीवर, परक्या घरच्या माणसाशी बोलायला मराठी वापरली जाई, कारण ती बड्या जमीनदार घरांपैकी कुणाचीच घरची भाषा नव्हती. मध्यस्थ भाषा अशीच ठरते.

त्याहून जुनं उदाहरण दौलताबादचं. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची माणसं दख्खनेत आणली, त्यांची बोली इथल्या भाषांत मिसळून दख्खनी झाली. दख्खनीतलं "ऐसाइच" हे "असंच"मधल्या "च"चं देणं. मुंबई-ठाण्याच्या हिंदीतही तेच चाललंय: "मेरे को जाने का है" हे "मला जायचं आहे" याच साच्यातून निघालं. लखनौच्या माणसाला ती हिंदी अशुद्ध वाटते. आपल्याला ती मराठीवर कुरघोडी करणारी वाटते. प्रत्यक्षात तिच्या अंगात मराठीची हाडं आहेत.

साइटवर काय बोलतात

घोडबंदर रोड किंवा खारघरच्या एखाद्या बांधकामावर अर्धा दिवस थांबलं तर हे सगळं एकत्र दिसतं. बिगारी मराठवाड्यातला, घरी बंजारा बोली बोलणारा. सेंट्रिंगवाला बिहारचा, लादीवाला राजस्थानचा, सुपरवायझर मराठी. काम चालतं ते एका ठरलेल्या शब्दसाठ्यावर, आणि तो कुठल्याच एका भाषेचा नाही. घमेलं पोर्तुगीज, ओळंबा मराठी, स्लॅब-कॉलम-शटरिंग इंग्रजी.

मापांत तर जुनं एकक सगळ्यांना धरून आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कागदावर सळई मिलिमीटरमध्ये असते, तोंडी मात्र 8 मिमी म्हणजे अडीच सूत, 10 म्हणजे तीन, 12 म्हणजे चार, 16 म्हणजे पाच, 20 म्हणजे सहा सूत. तेलंगणाचा फिटर आणि बिहारचा मिस्त्री दुसरं काही न बोलता यावर काम करू शकतात.

गडबड होते ती जवळजवळ सारख्या शब्दांत. मराठी सुपरवायझर म्हणतो, "काल पाणी मारलं का?" नव्या हिंदी मजुराच्या कानात "कल" पडतं, आणि हिंदीत कल म्हणजे उद्याही. तो "हां, मारेंगे" म्हणतो, सुपरवायझर "हां" ऐकून पुढे जातो, नव्या स्लॅबचा एक दिवस कोरडा जातो. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान सात दिवस पाणी हवं, त्यात पहिले दिवस सर्वांत महत्त्वाचे. भेग पडल्यावर दोष मजुराच्या आळसाला लागतो. मालाचंही तसंच. विटांच्या बांधकामाला 1:6 आणि गिलाव्याला 1:4 असं सिमेंट-वाळूचं प्रमाण असतं, पण कुणी "पाटी" म्हणतं, कुणी "तसला", आणि दोन भांड्यांचा आकार सारखा नसतो. शहाणे सुपरवायझर भांडं हातात घेऊन दाखवतात आणि वार बोलून सांगतात: "सोमवार, मंगळवार", काल-उद्या नाही.

ज्यांच्या दारात शहर आलं

काही माणसं न हलता स्थलांतरित होतात. आगरी-कोळी गावं जागेवरच राहिली, भोवतालचं जग बदललं. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई परिसरात गोळीबार होऊन पाचजण हुतात्मा झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

भाषेवर याचा परिणाम दुहेरी झाला. शेती आणि मिठागर गेलं तसे खारजमिनीचे, बांधाचे, उघाडीचे शब्द गेले. उघाडी म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवायचं आणि शेतातलं पाणी सोडायचं दार. ते दारच राहिलं नाही तर पोराला शब्द कशाला लागेल? शाळेत आगरी पोराला "पाणी" म्हणायला शिकवलं, घरात "पानी" होतं. "गारी" म्हटलं की वर्गात "गाडी" म्हणून दुरुस्ती, "डोला" म्हटलं की हशा. लग्नात धवले गाऊन विधी लावणाऱ्या धवलारणी कमी होत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर बोलीचा सर्वांत जुना साठा. दुसरीकडे आगरी-कोळी गाणी साऱ्या महाराष्ट्राच्या हळदीत वाजू लागली. म्हणजे बोलीने शेत, घर, विधी या जागा गमावल्या आणि नाच-विनोदाची जागा कमावली. हे संवर्धन म्हणून खपवलं जातं, ते आम्हाला पटत नाही. जी बोली फक्त हसवायला वापरली जाते तिच्यात कुणी दुःख सांगायला धजत नाही.

गाववाले आणि सोसायटी

माणसं एकेकटी येत नाहीत. एकाला काम लागतं, तो चुलतभावाला बोलावतो, तो मेहुण्याला. म्हणून एका गल्लीत एकाच तालुक्याची घरं सापडतात. गावाचं मुंबई मंडळ, भिशी, सणाला गावी जाणाऱ्या गाड्या, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी: पहिल्या पिढीचं सगळं समाजजीवन यावर उभं असतं. आजारपणात पैसा आणि रक्त देणारे हेच. वाशीत केरळ, आसाम, उत्तर प्रदेश अशा राज्यांची भवनं आहेत, तीही याच गरजेची सरकारी आवृत्ती.

दुसरी पिढी सोसायटीत राहते आणि तिथे गाठ वेगवेगळ्या भाषांची पडते. गणपती, नवरात्र, ओणम यांत फारसं अडत नाही. अडतं ते कागदावर. सूचना इंग्रजीत निघते, सभा हिंदीत होते, इतिवृत्त पुन्हा इंग्रजीत. मराठी ज्येष्ठ नागरिक आणि कमी शिकलेले सभासद गप्प बसतात आणि देखभाल खर्च वाढला की भांडायला येतात. उपाय अगदी किरकोळ आहे: सूचना मराठी आणि इंग्रजी दोन्हींत, सभेच्या विषयपत्रिकेतला पैशांचा मुद्दा तोंडी दोन भाषांत वाचून दाखवणं, आणि इतिवृत्त लिहिणारी व्यक्ती दरवर्षी बदलणं. आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटीचे नमुना नियम, मराठीत उपलब्ध आहेत, ते कार्यालयात ठेवावेत.

नावाचा घोळ

स्थलांतरितांचं सर्वांत जास्त नुकसान ज्या बारीक गोष्टीने होतं ती म्हणजे नाव. आपल्याकडे अर्जात आडनाव, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव अशा तीन चौकटी असतात. बिहारच्या बाईचं नाव "सुनीता देवी" एवढंच असतं. देवी हे आडनाव नाही. तिच्या मुलाचं आधार "अंकित कुमार", वडिलांचं आडनाव यादव. शाळेचे बाबू आपल्या पद्धतीने "यादव अंकित रामप्रवेश" लिहितात. तमिळ मुलाच्या नावापुढचं एक अक्षर हे वडिलांच्या नावाचं असतं, ते कुणी आडनावाच्या चौकटीत टाकतं. पाचवीपर्यंत काही बिघडत नाही. शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात यायची वेळ आली की आधार जुळत नाही. दहावीचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरवरून जातं, तिथून ते आयुष्यभर चिकटतं.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी जन्मदाखला, त्यावरून आधार, आधारवरून शाळेचं रजिस्टर. तिन्हींत देवनागरी आणि रोमन दोन्ही अक्षरं सारखी आहेत का ते अक्षर अक्षर लावून पाहावं. दुरुस्ती मूल शाळेत आहे तोवर सोपी असते, दाखला हातात पडल्यावर फार दगदगीची. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. बाहेरून आलेल्या पालकांना हे बहुधा कुणी सांगत नाही.

शाळेत किती वेळ लागतो

द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांचा या बाबतीतला हिशेब शिक्षकांनी पाठ करावा असा आहे. नव्या भाषेत गप्पा मारायला मुलाला एक-दोन वर्षं लागतात, पण त्या भाषेत पाठ्यपुस्तक समजायला पाच ते सात. मधल्या काळात मूल मैदानावर फर्डं मराठी बोलतं आणि गणिताच्या शाब्दिक उदाहरणात अडतं. शिक्षक म्हणतात भाषा येते, मग गणितच कच्चं असणार. निदान चुकतं ते इथे.

हिंदीवरून आलेलं मूल काही महिने गप्प राहतं, ते ऐकत असतं. मग ठरावीक चुका करतं. हिंदीत लिंगं दोन, मराठीत तीन, म्हणून "माझी पुस्तक". "शिक्षा" म्हणजे त्याला शिक्षण वाटतं. या चुका प्रगतीच्या खुणा आहेत. पालकांना "घरी मराठीच बोला" असा सल्ला देऊ नये. मोडक्या मराठीत आई जितकं बोलेल त्याच्या कितीतरी पट ती स्वतःच्या भाषेत बोलेल, आणि गोष्ट सांगणं, कारण सांगणं, मोजणं ही कौशल्यं पहिल्या भाषेतून दुसरीत येतात.

हंगामी स्थलांतराची गोष्ट वेगळी. भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर दिवाळीच्या आसपास येऊन उन्हाळा संपताना परतणाऱ्या कातकरी कुटुंबांची मुलं दोन शाळांच्या मधे पडतात. निघण्यापूर्वी गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे, आणि मुलाला वयानुसार वर्गात घ्यायचं असतं.

आकडे कसे वाचायचे

जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलत असे ती. 2011 मध्ये देशभरात लोकांनी 19,569 नावं सांगितली. छाननीनंतर त्या 1,369 मातृभाषा झाल्या, त्यांतून 10,000 पेक्षा जास्त भाषक असलेल्या 270, आणि गट पाडल्यावर 121 भाषा. भोजपुरी, मगही, मारवाडी या सगळ्या "हिंदी"खाली जातात. एकट्या भोजपुरीचे 5 कोटी भाषक त्यात आहेत. मैथिली 2003 मध्ये आठव्या अनुसूचीत आली म्हणून वेगळी मोजली जाते. त्यामुळे ठाणे जिल्ह्यात हिंदी किती वाढली हा आकडा वाचताना त्यातली घरची हिंदी किती आणि शिरगणतीत हिंदीखाली ढकललेल्या भाषा किती हे आधी विचारावं.

प्रगणक आपण सांगू ते लिहितो, आणि मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषाही विचारतो. 1 मार्च 2027 ही पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे. तेव्हा गावठाणातल्या घराने आगरी, घणसोलीच्या सुनेने अहिराणी आणि शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाने भोजपुरी असं तोंडाने सांगितलं तर ते नाव निदान मूळ नोंदीत उतरतं. शेजारच्या त्याच कुटुंबाला थोडीबहुत मराठी येत असेल तर तीही दुसऱ्या-तिसऱ्या भाषेच्या रकान्यात सांगता येते. तो रकाना लोक बहुधा "हिंदी, इंग्रजी" म्हणून संपवतात.